जाजमाबाहेर



आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी 'निष्ठा' एवढंच म्हणालो होतो. पत्रिका हातात आली, तर तिच्यावर 'निष्ठा : आजच्या संदर्भात' असं छापलेलं. आजचा संदर्भ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तेव्हा तो तुमच्याकडे सोपवतो आणि मी जुन्या गोष्टी सांगतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना हे चाललं असतं. वर्गात ते धडा सोडून गोष्टीत शिरायचे आणि घंटा झाली तरी परत यायचे नाहीत.

गोष्ट आपल्याच दापोली तालुक्यातली आहे. मुरूड इथून एसटीने तासाभराच्या आत. आता तिथे लोक समुद्र बघायला आणि डॉल्फिन दिसतात का ते पाहायला जातात. १८९३ साली त्या गावात एक सभा भरली आणि तिने काही ठराव केले. गावच्या एका माणसाबरोबर कुणीही एका जाजमावर बसायचं नाही. तो ज्या सभेला असेल त्या सभेला कुणी जायचं नाही. आणि घरच्यांनी त्याला घरात थारा दिला, तर त्यांच्यावरही बहिष्कार. तो माणूस म्हणजे धोंडो केशव कर्वे. तेव्हा पस्तीस वर्षांचे, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते.

इथल्या तरुण मंडळींना जाजमाचं महत्त्व कळणार नाही, कारण आता आपण प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसतो आणि खुर्ची ही मुळातच एकट्याची असते. जाजम सगळ्यांचं एक असतं. लग्न ठरायचं ते जाजमावर, वाटणीचा वाद मिटायचा तो जाजमावर, कीर्तन ऐकायचं तेही त्याच्यावरच. जाजमावर बस असं कुणाला सांगावं लागत नसे. 'बसू नकोस' असं सांगितलं गेलं, तरच त्याची आठवण व्हायची.

हा माणूस गावाला नकोसा होता का? मुळीच नाही, आणि मला सांगायचंय ते इथूनच सुरू होतं. सोमण मास्तरांच्या सांगण्यावरून लहानपणी गावच्या देवळात लोकांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणारा हाच मुलगा. परीक्षेला बसायचं म्हणून मुरूडहून कुंभार्लीच्या घाटाने शंभरावर मैल चालत साताऱ्याला गेलेला, आणि 'तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस' एवढ्या कारणावरून परत पाठवलेला मुलगाही हाच. पुढे मुंबईत शिकवण्या करून पोट भरत असताना यानेच मुंबईतल्या मुरूडकरांकडून थोडी थोडी वर्गणी काढून गावाच्या भल्यासाठी मुरूड फंड उभा केला. गावाचा लाडका म्हणावा असाच माणूस तो. म्हणून तर एवढा राग. परक्या माणसावर गाव बहिष्कार टाकत नाही, त्याला नुसतं ओळख दाखवत नाही.

गुन्हा काय होता, ते तुम्हाला माहीत आहे. पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, असं कर्व्यांनी ठरवलं. मुंबईतल्या दिवसांतले त्यांचे मित्र नरहरपंत जोशी देवरुखचे. त्यांची बहीण गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न, आणि नवरा म्हणजे काय हे कळायच्या आत, काही महिन्यांतच, वैधव्य. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढलं, तेव्हा तिथे शिकायला गेलेली पहिली विधवा विद्यार्थिनी हीच. ११ मार्च १८९३ला पुण्यात दोघांचं लग्न झालं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, आणि लोकांच्या तोंडी त्या पुढे 'बाया' म्हणूनच राहिल्या.

निष्ठेवरच्या भाषणात अशा प्रसंगाकडे 'एक माणूस विरुद्ध समाज' म्हणून बघायची सवय आपल्याला आहे. समाज म्हणजे कुणीतरी दुष्ट, दाढी कुरवाळणारा, सिनेमातल्या सावकारासारखा. माझा अनुभव निराळा आहे आणि इतिहासही निराळंच सांगतो. परक्यांच्या निंदेने फार थोडे लोक आपली वाट सोडतात. वाट सुटते ती आपल्या माणसांच्या डोळ्यांतल्या पाण्यामुळे.

न्यायमूर्ती रानड्यांचं उदाहरण घ्या. त्यांच्याबद्दल बोलताना माझी जीभ अडखळते, इतका आदर मला आहे, पण घ्यायलाच हवं. रानडे विधवाविवाहाच्या चळवळीतले. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. सुधारकांची सगळी दृष्टी त्यांच्याकडे लागली, आता हे विधवेशी लग्न करणार. आणि काही आठवड्यांत त्यांचं लग्न अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लागलं. त्यांना कुणी धमकावलं नव्हतं, कुणी पैसे देऊ केले नव्हते. वडिलांची इच्छा होती. वडिलांना दुखवणं त्यांना जमलं नाही. एवढा मोठा माणूस वडिलांपुढे पुन्हा लहान मुलगा झाला. त्या अकरा वर्षांच्या मुलीला त्यांनी शिकवलं, तिच्या रमाबाई रानडे झाल्या आणि पुढे त्यांनी पुण्याच्या सेवासदनाची धुरा वाहिली. लोक म्हणतात, बघा, त्यातूनही चांगलंच निघालं. निघालं खरं. पण चांगलं निघालं म्हणून तो क्षण बदलत नाही, आणि रानड्यांनी स्वतःही तो बदलल्याचा आव कधी आणला नाही.

दुसरा प्रसंग चहाचा. १८९०च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक समारंभ झाला. शेवटी मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता हातात धरला, कुणी तो तसाच खाली ठेवला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोश्यांचे यजमान, भारी विक्षिप्त गृहस्थ, यांनी सगळ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. झालं! ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं. त्या नावांत टिळक होते, रानडे होते. टिळकांनी प्रायश्चित्ताचा प्रश्न आपल्या पद्धतीने, शास्त्राचा कीस काढत सोडवला. रानडे दोन वर्षं थांबले, आणि १८९२ साली त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. स्वतःसाठी त्यांना त्याची गरज नव्हती. मित्र अडचणीत होते. बहिष्कारामुळे कुणाच्या घरी म्हातारे आईवडील कष्टी, तर कुणाच्या मुलीचं लग्न अडलेलं. रानड्यांनी घेतलं तर त्यांना घेता येणार होतं. रमाबाईंना हे किती लागलं, ते त्यांनी आठवणींच्या पुस्तकात मोकळेपणाने लिहिलंय. ज्या बाईचं स्वतःचं लग्न एका माघारीतून झालं, तिला नवऱ्याच्या या दुसऱ्या माघारीचं वाईट वाटावं, यात मला मराठी स्त्रीच्या इतिहासातली एक मोठी गोष्ट दिसते. पण तो आजचा विषय नाही.

रानडे चुकले का? वडिलांच्या वेळी चुकले, असं मला वाटतं. चहाच्या वेळी मला तेवढ्या खात्रीने सांगता येत नाही. दोन्ही वेळा त्यांना वाकवणारी गोष्ट प्रेमच होती, पण पहिल्या वेळी किंमत दुसऱ्याच कुणाला द्यावी लागली, अकरा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या जागी जी कुणी विधवा असू शकली असती तिला. दुसऱ्या वेळी किंमत त्यांनी स्वतः दिली, स्वतःच्या नावाची. कुणाच्या निष्ठेचा हिशेब मांडताना मी आधी हेच बघतो, पैसे कुणाच्या खिशातून गेले.

या मोजमापाने आगरकरांकडे बघा. टेंभूसारख्या खेड्यातून आलेला, उपाशीतापाशी शिकलेला मुलगा. एम.ए.च्या सुमारास आईला कळवतो, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळालं की मी समाधानी राहीन आणि उरलेलं आयुष्य लोकांसाठी घालवीन. हे पत्र आपण शाळेत वाचतो आणि आगरकरांचं कौतुक करतो. ते वाचून त्या आईला काय वाटलं असेल, हे आपल्याला विचारावंसं वाटत नाही. केसरीचे पहिले संपादक तेच होते. पण सामाजिक सुधारणेबद्दल मनातलं सगळं तिथे लिहिता येईना, तेव्हा १८८७ साली संपादकपद सोडलं आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. पुण्याने त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तीही त्यांच्या घरावरून. घरात यशोदाबाई होत्या. त्यांचं सोवळं, त्यांचे देव, त्यांची व्रतं, सगळं त्या घरात चालू होतं, कारण आगरकरांनी स्वतःचा बुद्धिवाद बायकोवर लादला नाही. म्हणजे असं पाहा, नवऱ्याच्या नास्तिक मतांसाठी निघालेली प्रेतयात्रा रस्त्यावरून चाललेली, आणि घरात देवाला मानणारी, सौभाग्य मागणारी बाई ती ऐकतेय. आगरकरांचं धैर्य आपण त्यांच्या खात्यावर लिहितो. यशोदाबाईंचं खातं अजून कुणी उघडलेलं नाही. १८९५च्या जूनमध्ये आगरकर गेले, वय चाळिशीच्या आत. अंत्यविधीला लागतील तेवढे पैसे त्यांनी आधीच बाजूला बांधून ठेवले होते, असं सांगतात.

आता पुन्हा कर्व्यांकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त छळते ती त्यांचीच गोष्ट.

लग्न झालं, बहिष्कार पडला, तो त्यांनी सोसला. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी' स्थापन केली. नाव सरळ होतं, विधवांच्या विवाहाला उत्तेजन. दोन वर्षांनी, १८९५ साली, नाव बदललं : 'विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी'. म्हणजे आम्ही कुणाला लग्न करा म्हणून सांगत नाही, कुणाला करायचंच असेल तर आड येणाऱ्या गोष्टी दूर करतो. मराठी भाषेचा एवढा बारीक उपयोग मी क्वचित पाहिला. एक शब्द काढला, दोन घातले, आणि घोषणा होती तिची परवानगी झाली. काम तेच राहिलं. पण बदललेल्या नावाखाली वर्गणी द्यायला जरा कमी भीती वाटत असणार.

१८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला. आधी पुण्यात, मग प्लेगानंतर शहराबाहेर हिंगण्याला. रावबहादूर गोखल्यांनी जमीन दिली, तिथे एक साधी झोपडी उभी राहिली. दिवसभर कॉलेजात शिकवायचं आणि मग चिखलातून पायी हिंगणे गाठायचं, हा कर्व्यांचा क्रम. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. पाठ्यपुस्तकात नाही ते हे, की या आश्रमात विधवांना शिक्षण मिळेल, पुनर्विवाहाचं नाव काढलं जाणार नाही, असं धोरण ठरलं. कारण उघड होतं. पुनर्विवाहाची कुजबूज जरी झाली असती, तरी एकाही बापाने आपली विधवा मुलगी तिथे ठेवली नसती. विवाहमंडळीच्या कामातून कर्व्यांनी पुढे अंग काढून घेतलं. आणि बायांना आश्रमात काम करायचं होतं, मनापासून करायचं होतं, पण त्यांना आश्रमापासून दूर ठेवण्यात आलं. का? त्या पुनर्विवाहित होत्या म्हणून.

क्षणभर थांबा आणि हे नीट बघा. ज्या लग्नासाठी नवऱ्याला मुरूडच्या जाजमावरून उठवलं, त्याच लग्नासाठी बायकोला नवऱ्याच्या आश्रमाच्या जाजमावर जागा नाही. बाया नागपूरला जाऊन सुईणीचं काम शिकल्या. घर चालवलं, मुलं वाढवली, आणि ज्या आश्रमात त्यांना शिरकाव नव्हता त्याच्यासाठी दारोदार वर्गणी गोळा केली. 'माझे पुराण' या त्यांच्या आत्मकथनात त्या हे सगळं काहीशा फटकळ विनोदाने सांगतात. ते वाचताना हसू येतं. पुस्तक मिटल्यावर येत नाही.

आणि त्याच आश्रमात त्यांची सख्खी बहीण होती. पार्वतीबाई आठवले. विधवा, केशवपन केलेल्या, आलवणातल्या. त्यांना आश्रमात मानाची जागा. त्यांनी तिथे शिकवलं, स्वयंपाकघर सांभाळलं, आणि मग झोळी घेऊन महाराष्ट्रभर फिरल्या. लोक त्यांना दान देत, कारण डोक्यावर केस नव्हते. एक बहीण लग्न केलं म्हणून बाहेर, दुसरी डोकं भादरलं म्हणून आत. दोघींचं आश्रमावर सारखंच प्रेम.

तुम्हाला वाटेल, मी आता कर्व्यांचा पुतळा पाडायला निघालोय. छे! कर्व्यांनी, म्हणजे अण्णांनी, असं केलं नसतं तर आश्रम पहिल्या पावसाळ्यातच बंद पडला असता, हे मी मान्य करतो. शेकडो मुलींचं आयुष्य उभं राहिलं नसतं, १९१६चं महिला विद्यापीठ झालं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की मोह नेहमी सोन्याच्या थैलीतून येत नाही. कर्व्यांना पैशाचा मोह नव्हता, ते आपला विमासुद्धा संस्थेला देणारे. कीर्तीचाही नव्हता. त्यांना संस्थेचा मोह होता. सज्जन माणसाला गाठायचं तर मोहाला संस्थेचंच रूप घ्यावं लागतं. 'माझ्यासाठी नाही हो, आश्रमासाठी' हे वाक्य ज्याला म्हणता येतं, त्याला बाकीची पुष्कळ वाक्यं गिळता येतात. हिंगण्यात सुरुवातीला वरच्या जातींतल्या मुलींनाच प्रवेश होता, तेही याच कारणाने. अण्णांनी जातिभेद मोडण्यासाठी समता संघ काढला तो १९४४ साली. वय पंच्याऐंशीच्या पुढे. हा माणूस उशिरा का होईना परत येतो, आपण गिळलेलं आठवतो, हे मला फार मोठं वाटतं. पण दरम्यान पन्नास वर्षं गेली होती.

मला हे बोलायचा अधिकार आहे का, असा प्रश्न रास्त आहे. नाही. मी अनेक वर्षं शिक्षक होतो आणि शाळेच्या समितीवर शिक्षकांचा प्रतिनिधी होतो. कुठली शाळा ते सांगत नाही. एका तरुण शिक्षिकेने जातीबाहेर लग्न केलं. गावात कुरबुर सुरू झाली, काही पालक दाखले मागायला आले. आमचे अध्यक्ष अतिशय सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, बाईंचं काही चुकलेलं नाही, पण पट कमी झाला तर तुकडी जाईल, तुकडी गेली तर दोन शिक्षक अतिरिक्त ठरतील. त्यांचे संसार आहेत. बाईंची नेमणूक तात्पुरतीच होती. ती पुढे चालू ठेवायची नाही, एवढंच करायचं होतं. कागदावर पाच सह्या, चौथी माझी. तुकडी वाचली. त्या वर्षी ग्रंथालयाचं काम माझ्याकडे होतं. बाई पुस्तकं परत करायला आल्या, मी मोजून घेतली आणि पावती दिली. त्यांनी पावती नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली. मला कुणी धमकी दिली नव्हती, कुणी लाच दिली नव्हती. मी कर्व्यांचं आत्मवृत्त तेव्हा वर्गात शिकवत होतो.

असो. आता कर्व्यांच्या मुलाची गोष्ट.

वडिलांना मुरूडच्या जाजमावरून उठवलं तेव्हा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. राधाबाईंचा मुलगा. १८९९च्या मॅट्रिकला पहिला आला, गणिताचा प्राध्यापक झाला, पॅरिसला जाऊन आला. १९२१ साली त्याने मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी त्यांचं उघडलं, म्हणजे आपण जगाच्या मागे नव्हतो. मुंबईच्या विल्सन कॉलेजात तो शिकवत होता. हे काम आणि ही नोकरी एकत्र चालणार नाही, असं त्याला सांगण्यात आलं. १९२५ साली त्याने नोकरी सोडली. जुलै १९२७ला 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं आणि मरेपर्यंत चालवलं. मूल होऊ द्यायचं नाही, हे त्याने आणि पत्नी मालतीबाईंनी ठरवलं होतं. संसार नेहमी ओढगस्तीचा.

आता बघा, त्याला कोणाचा विरोध झाला. सनातन्यांचा झाला, तो व्हायचाच होता. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावे लागले. १९३४च्या खटल्यात त्याच्या बाजूने उभे राहिले डॉक्टर आंबेडकर. ज्या वेळी पुण्या-मुंबईतले नामवंत सुधारक या माणसाचं वकीलपत्र घेणं सोडाच, त्याच्या मासिकाचं नावही चारचौघांत घेत नव्हते, तेव्हा ते उभे राहिले. खटला हरले. पण तिसरा विरोध सगळ्यात जड होता. गांधीजी संततिनियमनाच्या साधनांच्या विरुद्ध होते, संयमाच्या बाजूचे होते. देशावर प्रेम करणाऱ्या, चरखा चालवणाऱ्या, विधवाविवाहाला पाठिंबा देणाऱ्या अशा सगळ्या भल्या माणसांना रघुनाथ नकोसा झाला. त्याला सनातन्यांच्या जाजमावर जागा नव्हती, तशी सुधारकांच्याही नव्हती. आणि स्वतःचं जाजम अंथरून त्याच्यावर चार माणसं बसवण्याची कला त्याच्याकडे अजिबात नव्हती. भाषा बोचरी, स्वभाव तुटक, मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र. कुणी सुचवलं, चित्र बदला, खप वाढेल, तर तो नक्कीच म्हणाला असता, खप वाढवायला मासिक काढलेलं नाही. हे माझं अनुमान आहे, पण समाजस्वास्थ्याचे अंक ज्यांनी चाळलेत त्यांना ते पटेल.

वडिलांनी एक शब्द बदलून मंडळी वाचवली. मुलाने एक चित्रसुद्धा बदललं नाही. कोण बरोबर? तरुणपणी मी बेधडक मुलाच्या बाजूने बोलायचो. चौथी सही केल्यावर काही वर्षं बापाच्या बाजूने बोलू लागलो, कारण तीच बाजू मला सोयीची होती. आता दोघांपैकी एकाच्याही आड लपता येत नाही. बापाच्या वाकण्याची किंमत बायांनी दिली. मुलाच्या न वाकण्याची किंमत मालतीबाईंनी दिली, निदान त्याच्याबरोबरीने. तरीही एक फरक मला दिसतो, आणि तो आज जास्त दिसतो. मालतीबाई त्या निर्णयात होत्या, त्या नवऱ्याच्या बाजूला बसल्या होत्या. बाया दाराबाहेर होत्या.

आणखी एक गोष्ट आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांना १८४९ साली घर सोडावं लागलं, ते जोतीरावांच्या वडिलांच्या सांगण्यावरून. पण निघाले ते दोघं बरोबर. पुढे १८६३ साली त्यांनी बालहत्याप्रतिबंधक गृह काढलं, तेही दोघांनी मिळून. कर्व्यांच्या आधी तीस वर्षं. आपल्या सुधारणेच्या इतिहासात आपण कर्व्यांपाशी सुरुवात करतो आणि फुल्यांना वेगळ्या प्रकरणात घालतो. त्यालाही जाजमाचाच काही संबंध आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

पार्वतीबाईंचं राहिलं. आश्रमासाठी फिरता फिरता, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी केस राखायला सुरुवात केली. ज्या बोडक्या डोक्यामुळे लोकांच्या ओसरीवर मान मिळत होता, देणगी मिळत होती, ते त्यांनी स्वतःहून सोडलं. आश्रमाला याने तोटा होईल, हे त्यांना कळत नसेल? झोळी त्यांच्याच खांद्यावर होती, आकडे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते. मग त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जेमतेम. लोकांच्या घरी मोलकरणीचं काम करत भाषा शिकल्या आणि आश्रमासाठी पैसे जमवून आणले. भल्याभल्यांनी संस्थेसाठी तत्त्व थोडं खाली ठेवलं. या बाईने तत्त्व उचललं आणि संस्थेचा तोटा स्वतःच्या अंगमेहनतीने भरून काढला. मला विचाराल तर या साऱ्या कहाणीत मी ज्यांच्यापुढे उभा राहून बोलायला कचरेन, त्या पार्वतीबाई.

१९५२ साली सरकारने कुटुंबनियोजन हा देशाचा अधिकृत कार्यक्रम केला. असं करणारा भारत जगातला पहिला देश. रघुनाथराव तेव्हा सत्तर वर्षांचे होते आणि मासिकाचा पुढचा अंक कसा काढायचा या विवंचनेत होते. १९५३च्या ऑक्टोबरात ते गेले. वडील तेव्हा पंचाण्णव वर्षांचे.

पुढे १९५८च्या एप्रिलमध्ये अण्णांना शंभर वर्षं पूर्ण झाली. त्याच वर्षी भारतरत्न मिळालं. मुंबईला ब्रेबर्न स्टेडियमवर सत्कार झाला, पंतप्रधान नेहरू आले. जाजम केवढं मोठं झालं होतं, बघा, मुरूडपासून थेट दिल्लीपर्यंत. बाया १९५० साली गेल्या होत्या. पार्वतीबाई १९५५ साली. रघुनाथ त्यांच्या मधे. शंभर वर्षांचे अण्णा स्टेडियमच्या मधोमध बसले होते, आणि जिच्याशी लग्न केलं म्हणून पासष्ट वर्षांपूर्वी त्यांना उठवलं होतं, तिची जागा रिकामी होती.